अल्प सुटीतील सहलीसाठी शहरांची निवड : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

सलग दोन-तीन दिवसांची सुटी आली की कोठे जावे, हा प्रश्न प्राध्यापकांच्या घरात आणि महाविद्यालयाच्या सहल समितीत जवळजवळ सारख्याच स्वरूपात उपस्थित होतो. सर्वसाधारणपणे गावांची नावे आधी ठरतात व वेळेचा हिशेब नंतर होतो. परिणामी प्रवास पुष्कळ घडतो आणि पाहणे मात्र थोडे होते. प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या आधारे अशा निवडीचे निकष स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वेळेचा हिशेब

तीन दिवसांच्या सुटीत प्रत्यक्ष पाहण्या-फिरण्यास दररोज साधारण १० तास धरले तर एकूण ३० तास हाती येतात. अमरावती ते अकोला हे अंतर सुमारे १०० कि.मी. आहे, म्हणजे रस्त्याने दोन-अडीच तास. परंतु मुक्काम हलविणे म्हणजे केवळ तेवढा प्रवास नव्हे. सामान आवरणे, खोली सोडणे, नव्या गावी निवासाची सोय लावणे व जेवण यांत अर्धा दिवस, म्हणजे सुमारे ५ तास सहज जातात. तीन दिवसांत तीन ठिकाणी मुक्काम केल्यास दोन स्थलांतरांत १० तास, अर्थात एकतृतीयांश वेळ खर्ची पडतो. म्हणून दोन दिवसांसाठी मुक्कामाचे एकच गाव आणि तीन दिवसांसाठी फार तर दोन गावे, हा पहिला निकष ठरतो.

अकोला व बडनेरा ही स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावर पूर्वीपासूनच आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तर एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीहून मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांची निश्चितच सोय झाली आहे. तथापि प्रवासाचा वेग वाढला म्हणून सुटीचे दिवस वाढत नाहीत, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

विषयसूत्राचा निकष

दुसरा निकष अधिक महत्त्वाचा आहे. शहर आधी न निवडता विषय आधी निवडावा. मुक्कामाचे गाव त्या विषयानेच ठरते. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

(१) समाजकार्य व शिक्षण : हा विषय असल्यास अमरावती शहर हेच केंद्र होय. संत गाडगेबाबांचे समाधिस्थान, १९१४ मध्ये स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेले तपोवन ही स्थळे शहरातच आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा मोझरी येथील गुरुकुंज आश्रम नागपूर मार्गावर आहे. मुक्काम न हलविता हे सर्व दोन दिवसांत पाहता येते.

(२) शेती व मोगलकालीन वऱ्हाड : यासाठी अकोला सोयीचे. शहरात असदगड किल्ला आणि १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. मन व म्हैस नद्यांच्या संगमावरील बाळापूरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री पाहून त्याच दिवशी अकोल्यास परतता येते.

(३) इमादशाही व इ.स. १८०३ : येथे मात्र दोन्ही जिल्हा मुख्यालये बाजूला पडतात. १४९० मध्ये स्वतंत्र झालेल्या इमादशाहीची राजधानी अचलपूर. तिचे बळकट आधार गाविलगड व नरनाळा हे किल्ले. पुढे १८०३ मध्ये याच पट्ट्यात वऱ्हाडचे भवितव्य पालटले. २९ नोव्हेंबर रोजी अडगाव येथे भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, १५ डिसेंबरला वेलस्लीच्या सैन्याने गाविलगड घेतला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. अवघ्या एका महिन्यातील या घटनांची स्थळे सातपुड्याच्या पायथ्याला व माथ्यावर वसलेली आहेत. म्हणून परतवाडा-अचलपूर येथे एक मुक्काम करून गाविलगड व चिखलदरा पाहावे. नंतर अंजनगाव सुर्जीमार्गे अकोटला दुसरा मुक्काम करून अडगाव व नरनाळा पाहावे. अमरावती वा अकोल्यास मुक्काम ठेवल्यास याच स्थळांसाठी रोज जाऊन-येऊन कितीतरी तास अधिक लागतील.

ऋतू व पूर्वतयारी

अकोल्याचा उन्हाळा अतिशय तीव्र असल्याने एप्रिल-मे महिन्यांत किल्ल्यांची सहल टाळावी. पावसाळ्यात चिखलदऱ्याचे सौंदर्य खुलते. पण दाट धुक्यामुळे दरीचे दर्शन घडेलच असे नाही, शिवाय जोडून आलेल्या सुट्यांत घाटात वाहनांची गर्दी होते. नरनाळा वनक्षेत्रात असल्याने प्रवेशाच्या वेळा वनविभागाकडून आधी विचारून घ्याव्यात. किल्ल्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल होय.

निष्कर्ष

अल्प सुटीत किती शहरे पाहिली यापेक्षा एक विषय किती पूर्णपणे पाहिला, हे महत्त्वाचे. मोठे शहर हेच मुक्कामास योग्य, हा समज प्रत्येक वेळी खरा ठरत नाही. परतवाडा वा अकोट यांसारखे तालुक्याचे गाव अनेकदा अधिक उपयुक्त ठरते. हा विचार महाविद्यालयीन सहलींनाही लागू पडतो. वऱ्हाडातील विद्यार्थी रायगड पाहून येतो, पण त्याच्या स्वतःच्या प्रदेशाचे राजकीय भवितव्य ज्या गडावर ठरले तो गाविलगड न पाहताच पदवी घेऊन बाहेर पडू शकतो. दूरच्या स्थळांचे महत्त्व कमी नाही. परंतु दोन दिवसांची सुटी जवळच्या प्रदेशाच्या अभ्यासासाठी जेवढी पुरेशी असते, तेवढी ती दूरच्या प्रवासासाठी नसते. सहलीचे नियोजन करताना प्राध्यापकांनी प्रथम विषय, नंतर तास आणि शेवटी गाव हा क्रम ठेवल्यास सहल व अध्यापन या दोहोंचाही हेतू साध्य होईल.