विश्लेषण : एकच सम्राट, राज्यकारभाराच्या दोन तऱ्हा... दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिली मुठीत ठेवली, मग जर्मनीत अधिकार का सोडले?

इटलीतील नेपल्स विद्यापीठाला २०२४ मध्ये ८०० वर्षे पूर्ण झाली. त्याची स्थापना करणारा आणि आज ज्याचे नाव त्याला आहे, तो पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक (११९४-१२५०). सिसिलीच्या राज्यात त्याने मिठाच्या विक्रीपासून डॉक्टरांच्या परवान्यापर्यंत सारे सरकारच्या हाती घेतले. त्याच सम्राटाने आल्प्सपलीकडे जर्मनीत मात्र स्वतःचे अधिकार सरदारांना चक्क लिहून दिले. असे का?

दोन मुकुट एका डोक्यावर कसे?

वडील सम्राट सहावा हेन्री, तर आई कॉन्स्टन्स सिसिलीच्या नॉर्मन घराण्याची वारस. त्यामुळे दक्षिण इटलीसह सिसिलीचे राज्य वारशाने आले. १०९८ नव्हे, तर ११९८ मध्ये, वयाच्या चौथ्या वर्षी, पालेर्मो येथे त्याचा राज्याभिषेक झाला. जर्मनीचा राजा मात्र तेथील संस्थानिक आणि बिशप निवडत. म्हणजे एकीकडे वारसा, दुसरीकडे मतांची जुळवाजुळव. पुढचे सारे राजकारण या फरकातून घडले. १२२० मध्ये तो सम्राट झाला आणि पोपची भूमी त्याच्या दोन राज्यांच्या मधोमध अडकली.

सिसिलीत काय केले?

सम्राटपद मिळताच त्याच वर्षी कापुआ येथे त्याने फर्मान काढले : ११८९ नंतर सरदारांनी बांधलेले किल्ले पाडा किंवा राजाच्या हवाली करा. १२२४ मध्ये नेपल्स विद्यापीठ निघाले ते सरकारला कायदा जाणणारे अधिकारी हवेत म्हणून. प्रजेला शिक्षणासाठी राज्याबाहेर जाण्यास बंदीच घालण्यात आली.

१२३१ मध्ये मेल्फी येथे कायदेसंहिता जाहीर झाली. प्रांताचा न्यायाधिकारी त्याच प्रांतातला नसावा, खासगी सूडयुद्धे बंद, मीठ, लोखंड आणि रेशमावर सरकारी मक्तेदारी. तापलेले लोखंड हातात धरायला लावून गुन्हा ठरवण्याची दिव्याची प्रथा तर जवळपास मोडीतच निघाली. लोखंड निरपराध माणसासाठी थंड होते असे मानणाऱ्यांची संहितेने सरळ खिल्ली उडवली आहे.

पुढे जोडलेले वैद्यकीय नियम आजही ओळखीचे वाटतील. तीन वर्षे तर्कशास्त्र, पाच वर्षे वैद्यक, मग अनुभवी वैद्याच्या हाताखाली एक वर्ष. परीक्षेशिवाय व्यवसाय नाही आणि औषधविक्रेत्याशी भागीदारीही नाही.

मात्र याला आधुनिक, उदार राज्य म्हणणे घाईचे ठरेल. याच संहितेत पाखंडी ठरलेल्यांना जिवंत जाळण्याची शिक्षा आहे. सिसिलीतील बंडखोर मुस्लिमांना त्याने उचलून मुख्य भूमीवरील लुचेरा येथे वसवले आणि नंतर त्यांच्यातूनच सैनिक घेतले.

जर्मनीत उलटे का?

एप्रिल १२२० मध्ये मुलगा हेन्रीला जर्मनीचा राजा म्हणून निवडून घ्यायचे होते. त्याच्या बदल्यात बिशपांना सवलती मिळाल्या : त्यांच्या मुलखात संमतीशिवाय नवी टांकसाळ किंवा जकात नाके उभे राहणार नाही. १२३१ मध्ये इतर संस्थानिकांनी हेन्रीकडून अशाच सवलती वदवून घेतल्या आणि पुढच्या वर्षी फ्रेडरिकने त्यांवर शिक्कामोर्तब केले. पुढे हेन्रीने बंड केले, तेव्हा १२३५ मध्ये बापाने मुलालाच पदच्युत केले.

हिशेब उघड होता. पैसा आणि कारकून सिसिलीत, लढाई उत्तर इटलीतील लोम्बार्ड शहरांशी. जर्मनीकडून शांतता मिळाली तरी पुरे. हा हिशेब त्याच्या हयातीत बऱ्यापैकी जमला, पण त्याचे बिल सिसिलीच्या रयतेने भरले. वारंवार बसवलेल्या करांचे ओझे एवढे होते, की मृत्युपत्रात खुद्द फ्रेडरिकने हे कर रद्द करून राजा दुसरा विल्यम याच्या काळातली स्थिती आणावी, असे नमूद केले.

पोपशी वैर का जडले?

धर्मयुद्धाला निघण्यास उशीर केला म्हणून १२२७ मध्ये पोप नवव्या ग्रेगरीने त्याला बहिष्कृत केले. बहिष्कृत अवस्थेतच तो गेला आणि १२२९ मध्ये इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून, मोठी लढाई न करता जेरुसलेम मिळवले. रोमचा राग तरीही शमला नाही. खरे कारण भूगोलात होते : दोन्ही बाजूंनी एकच सम्राट पोपला नको होता. १२४५ मध्ये लिआँ येथील परिषदेत चौथ्या इनोसंटने त्याला पदच्युत घोषित केले.

मृत्यूनंतर काय उरले?

१३ डिसेंबर १२५० रोजी फ्रेडरिकचे निधन झाले. १२६६ मध्ये फ्रान्सच्या राजघराण्यातील शार्ल ऑफ आंजू याने सिसिली जिंकली आणि तयार प्रशासन बहुतांशी तसेच वापरले. दोन वर्षांनी फ्रेडरिकचा सोळा वर्षांचा नातू कॉनराडिन याचा नेपल्समध्ये शिरच्छेद झाला. जर्मनीत १२७३ पर्यंत सर्वमान्य राजाच नव्हता. तेथील संस्थानिकांनी मिळवलेले अधिकार मात्र परत केले नाहीत आणि १३५६ मध्ये सम्राट निवडण्याचा सात जणांचा हक्क कायद्यानेच पक्का झाला.