दातांवर व्हिनियर बसवण्यापूर्वी



माझी भाची पाटणजवळच्या एका गावात वाढली. घरी बोअरवेलचे पाणी. समोरच्या सहा दातांवर लहानपणापासून तपकिरी डाग. लग्न ठरल्यावर ती आमच्याकडे बडोद्याला आली ती एकच हट्ट घेऊन, "मामी, मला व्हिनियर बसवून घ्यायचेत." पहिल्या दवाखान्यात पंधरा मिनिटांत वरच्या दहा दातांच्या खर्चाचा कागद हातात पडला. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी नीट तपासले आणि मग समजावून सांगितले. आपल्या शाळेतील मोठ्या मुलामुलींतही हल्ली या विषयाची चर्चा ऐकू येते, म्हणून जे कळले ते इथे मांडते.

आधी डागांविषयी. जमिनीच्या पोटातील खोल पाण्यात खडकांमधले फ्लोराइड उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरी सोय नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. पक्के दात हिरडीत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, मुलांच्या पोटात जास्त फ्लोराइड गेले तर दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. यालाच फ्लोरोसिस म्हणतात. उत्तर गुजरातेत मेहसाणा, पाटण, बनासकांठा या भागांत आणि महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत हा त्रास जुना आहे. बडोदे शहराला सयाजीराव महाराजांच्या कृपेने १८९२ पासून आजव्याचे पाणी मिळाले. पावसाच्या साठवलेल्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते. पण ज्यांच्या सोसायटीत पिण्यासाठी बोअरचे पाणी आहे, त्यांनी ते एकदा तपासून घ्यावे.

आता व्हिनियर म्हणजे काय? दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पोर्सेलीनचा पातळ पापुद्रा, साधारण आपल्या नखाइतका जाड. १९३० च्या सुमारास चार्ल्स पिंकस या अमेरिकन दंतवैद्याने सिनेनटांसाठी असे पापुद्रे केले. ते चित्रीकरणापुरते लावायचे आणि नंतर काढून ठेवायचे. कायमचे चिकटवण्याची वाट १९५५ साली मोकळी झाली. मायकेल बुओनोकोर यांनी दाखवले, की सौम्य आम्लाने दाताचा पृष्ठभाग किंचित खरखरीत केला तर त्यावर रेझिन घट्ट धरते. आजही हीच पद्धत वापरतात.

पहिल्या भेटीत हिरड्या, कीड आणि चावण्याची पद्धत तपासतात, एक्स-रे आणि फोटो काढतात. कीड किंवा हिरड्यांची सूज असेल तर त्यावर आधी उपचार. मग दातांचे माप घेऊन प्लास्टरच्या साच्यावर मेणाने नवे दात घडवतात आणि त्यावरून तात्पुरत्या साहित्याचा नमुना तुमच्या दातांवर बसवून दाखवतात. आरशात बघा, बोला, हसा, घरच्यांना दाखवा. ही पायरी टाळू नका, कारण इथवर दाताला धक्का लागलेला नसतो.

दुसऱ्या भेटीत दिवसाच्या उजेडात रंग ठरवतात. पोर्सेलीनचा रंग पुढे बदलत नाही, म्हणून बाकीचे दात उजळायचे असतील तर ते आधी उजळून, दोनेक आठवडे थांबून मगच रंग ठरवावा. नंतर हिरडी बधिर करून दाताचा वरचा थर, म्हणजे एनॅमल, बहुधा ०.३ ते ०.५ मिलिमीटर घासतात. काही वेळा फारच थोडे घासून भागते. पुन्हा माप घेतात, तात्पुरती व्हिनियर लावतात आणि माप प्रयोगशाळेत जाते. एक-दोन आठवडे तिकडे जातात.

तिसऱ्या भेटीत व्हिनियर आधी न चिकटवता लावून दाखवतात. रंग किंवा आकार मनासारखा नसेल तर तेव्हाच सांगा, संकोच करू नका. पसंती दिल्यावर आम्ल, रेझिन आणि निळा प्रकाश यांनी ती पक्की करतात.

पुढचे काही दिवस थंड-गरम झोंबते, हिरडी दुखते, क्वचित "स" आणि "च" उच्चारताना जीभ अडखळते. हे बहुधा आपोआप जाते. मात्र समोरच्या दातांनी सुपारी फोडणे, ऊस सोलणे, कडक चिक्की तोडणे, बाटलीचे झाकण उघडणे कायमचे बंद. रात्री दात खाण्याची सवय असेल तर झोपताना दातांवर घालायची पट्टी लागते. व्हिनियरला कीड लागत नाही, पण तिच्या कडेला आणि खालच्या दाताला लागते, म्हणून ब्रश पूर्वीसारखाच.

चांगली काळजी घेतली तर पोर्सेलीन दहा-पंधरा वर्षे टिकते, काहींचे त्याहून अधिक. पण घासलेले एनॅमल पुन्हा येत नाही. म्हणजे पंचविशीत बसवलेली व्हिनियर जन्मात दोन-तीनदा बदलावी लागेल, आणि तो खर्च आजच्या कागदावर लिहिलेला नसतो.

म्हणूनच शाळकरी मुलांनी घाई करू नये. या वयात दातातील नस मोठी असते आणि हिरडीची कडही अजून बदलत असते. खेळताना दाताचा तुकडा पडला तर दाताच्या रंगाचे कंपोझिट भरून काम भागते. वाकड्या दातांना तार लावावी. पिवळेपणा कित्येकदा नुसत्या साफसफाईने जातो.

खुर्चीत बसण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे विचारा: माझ्या दातांना याहून सौम्य उपाय आहे का? नेमके किती दात आणि किती घासणार? नमुना आधी दाखवाल का? तुटली तर पुढे काय? तरीही शंका उरली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. वाघोडिया तालुक्यात पिपरियाला के. एम. शाह दंत महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येते.

माझ्या भाचीचे म्हणाल, तर चार दातांवरचे डाग आम्लमिश्रित लेपाने हलके घासूनच निघाले. मधल्या दोन दातांवर खळगे होते, त्या दोनवरच व्हिनियर बसली. दहाचे दोन झाले. उरलेले आठ दात तिचे तिच्याकडेच राहिले. लग्नाच्या फोटोत ती मनमोकळी हसते आहे.