रानाच्या काठावरचे आरोग्य

‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी एका ओपीडीत कितीतरी वेळा देतो. त्यावर ‘चालू कुठे, तेवढे सांगा डॉक्टर,’ हा प्रश्नही ठरलेला असतो. पदपथावर दुचाक्या आणि टपऱ्या, रस्त्यावर खोदकाम, बागेत गर्दी. कांदिवली पूर्वेच्या रुग्णाने असे विचारले तर गंमत वाटावी, कारण ठाकूर व्हिलेज, लोखंडवाला टाउनशिप, दामूनगर या वस्त्यांच्या पलीकडे सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. पण उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार बोरिवलीला आहे. ज्याच्या खिडकीतून रान दिसते, त्याला तिथे पोहोचायला रिक्षा करावी लागते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. चालताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. हे औषध फुकट आहे. पण ते घ्यायला जागा लागते.

झाडे नेमके काय करतात?

अमेरिकेतील रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान होता, पण त्याने पुढच्या संशोधनाला दिशा दिली.

रानाचे काम मात्र मनाला बरे वाटण्यापुरते नाही. पाने सावली देतात आणि बाष्प सोडून हवा थंड ठेवतात. उलट काँक्रीट दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री परत सोडते. हृदयरोगी आणि वृद्धांना उन्हाळ्यात रात्रीच जास्त त्रास होतो, त्याचे हे एक कारण. 1860 मध्ये पूर्ण झालेला विहार आणि 1879 मधला तुळशी, हे तलाव याच डोंगरांचे पाणी साठवतात. कांदिवलीतून वाहणारी पोयसर नदीही याच उद्यानात उगम पावते. उतारावरची झाडे आणि माती पावसाचा जोर अडवतात. ती गेली की पाणी एकदम खाली येते, वस्तीत तुंबते आणि पाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरची आठवडाभर भरलेली तापाची वॉर्डे आमच्या पिढीतले डॉक्टर विसरलेले नाहीत.

घरेही हवीतच

मग जंगलाकाठी एकही घर नको, असे म्हणायचे का? तसे म्हणणे सोपे आहे, न्याय्य नाही. उद्यानाच्या आत वारल्यांसारख्या आदिवासी समाजांचे पाडे उद्यानाआधीपासून आहेत. काठावरच्या झोपड्यांत राहणारा माणूस निसर्गाच्या ओढीने तिथे गेलेला नाही; शहरात दुसरीकडे त्याला घर परवडले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 साली उद्यानातील अतिक्रमणे हटवून पात्र कुटुंबांचे पुनर्वसन करण्याचे आदेश दिले. अनेकांना चांदिवलीत घरे मिळाली, अनेक जण वाट पाहत राहिले. जुलै 2019 मध्ये मालाड पूर्वेला जलाशयाची संरक्षक भिंत पावसात उतारावरच्या झोपड्यांवर कोसळली आणि सुमारे 30 जणांचा जीव गेला. पुनर्वसन रखडण्याची किंमत माणसे अशी मोजतात.

डिसेंबर 2016 मध्ये केंद्र सरकारने उद्यानाभोवती पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. त्याची रुंदी जागेनुसार 100 मीटरपासून 4 किलोमीटरपर्यंत आहे. या पट्ट्यात घरबांधणीवर सरसकट बंदी नाही. ती आखलेल्या चौकटीत व्हावी आणि त्यासाठी विभागीय आराखडा तयार व्हावा, अशी अपेक्षा आहे. ही चौकट आरोग्याच्या दृष्टीने कशी असावी?

पहिली गोष्ट, घरे आधीच बांधकाम झालेल्या सपाट जागेवर एकवटावीत. उतार आणि ओढ्यांचे काठ मोकळे सोडावेत. दुसरी, काठावरच्या प्रत्येक वस्तीत शौचालये, दिवे आणि रोजची कचरा उचल हवी. हा थेट बिबट्याशी जोडलेला विषय आहे. कचऱ्यावर कुत्री जगतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. रात्री उघड्यावर शौचाला बसलेला माणूस त्याला छोटे जनावर भासू शकतो. 2004 मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक जीव गेले. मात्र 2018 च्या एका अभ्यासाने दुसरी बाजूही मांडली. उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे 1500 भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे सुमारे 1000 श्वानदंश टळत असावेत, असा त्यातला अंदाज आहे. रेबीजचा मृत्यू ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला या आकड्याचे मोल कळते.

तिसरी गोष्ट वाटेची. ‘फॉरेस्ट व्ह्यू’ सदनिकेच्या किमतीत धरला जातो, पण रानाकडे जाणारी वाट एखाद्या संकुलाच्या फाटकाआड गेली की तिचा लाभ मोजक्यांनाच मिळतो. बाल्कनीतला माणूस आणि त्याच्याकडे घरकामाला येणारी ताई, मधुमेह दोघांनाही होतो. म्हणून जंगलाच्या आत नव्हे, तर त्याच्या काठाने सर्वांसाठी खुली पायवाट असावी. तिच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, पहारा असावा आणि गाभ्याचे जंगल प्राण्यांसाठी निवांत राहावे. काठावर रोज शेकडो लोक चालू लागले, तर रातोरात पडणारा राडारोडा आणि नवे अतिक्रमण आधी त्यांच्याच नजरेस पडेल.

चालायला निघताना

पहाटेच्या अंधारात आणि तिन्हीसांजेनंतर रानाच्या कडेला एकटे जाऊ नका. बंद बूट घाला. माकडांना खायला घालू नका. कुत्रा किंवा माकड चावले, ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी किंवा पालिका रुग्णालयात लस घ्या. साप चावल्यास जखम कापू नका, घट्ट दोरी बांधू नका. तो अवयव न हलवता 108 वर फोन करा. गुडघे दुखत असतील, तर उतरताना पावले लहान टाका.

आणि एक काम बसल्या जागी करण्यासारखे आहे. विकास आराखडे जाहीर होतात तेव्हा नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. तुमच्या वॉर्डाचा नकाशा मागून घ्या. घरे कुठे, झाडे कुठे आणि सर्वांची वाट कुठे, हे पाहा. वाट दिसली नाही, तर मुदतीत लिहून कळवा. आम्ही कागदावर ‘चाला’ असे लिहून देऊ शकतो. कुठून चालायचे, हे त्या नकाशावर ठरते.