माकडताप: माकडाचा दोष किती?

माकडतापाच्या नावातच निकाल लावून टाकलाय, आणि तो चुकीचा आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलाभोवती माकडं मरू लागली आणि गावांत तापाचे रुग्ण वाढले. पहिला संशय डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वरावर गेला, कारण त्यातही माकडं मरतात. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या (आजची एनआयव्ही) टेल्फर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो वगैरे मंडळींनी शोध घेतला, तेव्हा हा विषाणू रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराचा भाऊबंद निघाला. म्हणजे डास सुटले, गोचीड सापडली.

यावर कुणी म्हणेल, विषाणू माकडातच वाढतो ना, मग माकडं हटवा की! वाढतो, हे खरंच. पण त्या तापाने माकड स्वतःच मरतं, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात. गोळी घातली तरी तेच होणार. शिवाय मोठ्या गोचिडी पोसल्या जातात त्या रानात चरणाऱ्या गुरांच्या रक्तावर, आणि गुरं आपण नेतो. माणसाला चावतं ते बहुतेकदा गोचिडीचं पिल्लू: खसखशीच्या दाण्याएवढं, चावलेलं कळतही नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा सुळसुळाट असतो, नेमकं तेव्हाच काजू वेचायला माणसं वाकतात; २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात साथ आली ती याच हंगामात. पुढे ताप, असह्य डोकेदुखी, काहींना रक्तस्राव. मात्र एका माणसाकडून दुसऱ्याला तो लागत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याला काही आधार नाही.