सातपुड्याचे जंगल राखते कोण : कायदा, कडा की गाव?

खास प्रतिनिधी
रामदासपेठ, नागपूर

रामदासपेठेत नळाला येणारे पाणी मुख्यतः पेंच नदीचे असते. ही नदी छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते, पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून वाहते, तोतलाडोहच्या जलाशयात अडते आणि नवेगाव खैरीमार्गे शहराकडे वळते. डोंगरावरील जंगल टिकते की नाही, हा प्रश्न त्यामुळे केवळ वन्यप्रेमींचा राहत नाही. नागपूरकरांच्या रोजच्या जगण्याशी त्याचा संबंध आहे. राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि व्याघ्र प्रकल्प यांच्या सीमा आखून आता पाच दशके उलटली आहेत. या सीमांनी जंगल खरोखर राखले का, राखले असेल तर कुठे आणि कोणाच्या बळावर, याचा लेखाजोखा मांडण्यास सातपुड्यासारखे दुसरे क्षेत्र विदर्भाजवळ नाही.

मेळघाटचा वारसा

सातपुड्याच्या गाविलगड रांगेत वसलेला मेळघाट हा १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प योजना सुरू झाली तेव्हा निवडलेल्या देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. वैराटचे शिखर ११७८ मीटर उंच असून सिपना, खंडू, खापरा, गडगा आणि डोलार या नद्या येथील पाणी तापीकडे नेतात. जंगल शुष्क पानझडीचे, मुख्यतः सागाचे. गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि मेळघाट, वान, अंबाबरवा व नरनाळा ही अभयारण्ये मिळून सुमारे १५०० चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र २००७ मध्ये अधिसूचित झाले. त्याभोवती साडेबाराशे चौरस किलोमीटरहून अधिक बफर क्षेत्र आहे.

हे चित्र सरळ रेषेत घडलेले नाही. १९८५ मध्ये सुमारे १५९७ चौरस किलोमीटर असलेले मेळघाट अभयारण्य १९९४ मध्ये ११५० चौरस किलोमीटरपर्यंत घटविण्यात आले. कायद्याने दिलेले संरक्षण कायद्यानेच काढूनही घेता येते, याचे हे विदर्भातील ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

चढाचे श्रेय कायद्याला?

संरक्षित क्षेत्रात जंगल दाट आणि बाहेर विरळ दिसले, की त्याचे श्रेय सहसा संरक्षणाला दिले जाते. या निष्कर्षात एक गफलत संभवते. २००९ मध्ये जोप्पा आणि फाफ या संशोधकांनी जगभरातील संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशी क्षेत्रे प्रामुख्याने उंचावर, तीव्र उतारावर आणि रस्ते व शहरांपासून दूर असतात, असे त्यात आढळले. म्हणजे जेथे नांगर चालत नाही आणि ट्रक पोहोचत नाही, अशीच जमीन बहुधा राखीव होते. ती राखीव नसती, तरी तिच्यावरील बरेचसे जंगल कदाचित उभेच राहिले असते.

कोस्टा रिका या देशाविषयी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाच प्रश्न आकड्यांत मांडला गेला. उतार, अंतर व जमिनीचा कस सारखा असलेले राखीव आणि बिगरराखीव भूभाग परस्परांशी ताडून पाहिले असता, संरक्षण नसते तर राखीव जंगलाचा सुमारे दहावा हिस्सा तुटला असता, असे दिसले. नेहमीच्या ढोबळ तुलनेतून संरक्षणाचा परिणाम यापेक्षा खूप मोठा भासत होता. याचा अर्थ संरक्षण निरुपयोगी आहे असा नव्हे. त्याचा खरा प्रभाव विशिष्ट जागीच पडतो, असा आहे.

या जागा कोणत्या? डोंगराळ मुलखात त्या म्हणजे दरीतील सपाट पट्टे, नदीकाठ, पठारे आणि रस्त्यालगतची जमीन. कडा स्वतःचे रक्षण स्वतः करतो. सपाटीला मात्र कायद्याचा आधार लागतो. अडचण अशी, की सपाटी आणि पाणी जेथे असते, तेथेच माणसेही पिढ्यान्पिढ्या राहत आलेली असतात.

एकच पर्वत, दोन निकाल

जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य हेही सातपुड्यातच. १९६९ मध्ये घोषित झालेल्या या सुमारे १७७ चौरस किलोमीटरच्या क्षेत्रालाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेच कवच आहे. तरीही तेथे शेतीसाठी अतिक्रमण आणि वृक्षतोड मोठ्या प्रमाणावर झाली. पर्वत तोच आणि कायदाही तोच असताना निकाल निराळा लागतो, तेव्हा उत्तर अधिसूचनेबाहेर शोधावे लागते. व्याघ्र प्रकल्पाला मिळणारा केंद्राचा निधी, गस्तीसाठीचे मनुष्यबळ आणि सततचे सार्वजनिक लक्ष लहान अभयारण्याच्या वाट्याला येत नाही. जमिनीच्या हक्काचे प्रश्न वर्षानुवर्षे अनिर्णित राहिले, की अतिक्रमणाला वाव मिळतो तो वेगळाच.

जंगलातील प्रत्येक मौल्यवान गोष्ट सीमेच्या आतच सापडते, असेही नाही. १८८४ नंतर खात्रीशीर नोंद नसलेला आणि नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये पुन्हा दिसला, तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी. पुढील सर्वेक्षणांत मेळघाटात त्याची मोठी संख्या आढळली आणि तेथील संरक्षणाचे मोल अधोरेखित झाले. तथापि, ज्या जंगलात तो प्रथम पुन्हा दिसला, ते राष्ट्रीय उद्यान वा अभयारण्य नव्हते.

पुनर्वसनाची किंमत

सपाटीचा प्रश्न मेळघाटात पुनर्वसनाच्या रूपाने उभा राहिला. बोरी, कोहा आणि कुंड ही गाभ्यातील गावे सर्वप्रथम हलविण्यात आली. त्यानंतर वैराट, चुर्णी, अमोना, बारूखेडा आदी गावेही बाहेर पडली. मोकळ्या झालेल्या शेतजमिनींवर गवताची कुरणे तयार झाली आणि तृणभक्षी प्राणी तेथे चरू लागले. वाघाच्या दृष्टीने हे क्षेत्र मोलाचे आहे, याविषयी दुमत नाही.

दुसरी बाजू तितकीच ठोस आहे. वन्यजीव कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीनुसार गाभा क्षेत्रातील पुनर्वसन स्वेच्छेनेच व्हावयास हवे. २००८ पासून प्रतिकुटुंब १० लाख रुपयांचे पॅकेज लागू झाले. २०२१ मध्ये ते १५ लाख करण्यात आले. परंतु जंगलातून मोहफूल, तेंदूपत्ता, डिंक आणि सरपण मिळविणाऱ्या कोरकू कुटुंबाला रोख रकमेतून तीच उपजीविका उभी करता येतेच असे नाही. अकोट परिसरात हलविलेल्या काही गावांतील रहिवासी जमीन व सोयींच्या मागणीसाठी जंगलात परतले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यात व वन कर्मचाऱ्यांत संघर्ष होऊन दोन्हीकडील लोक जखमी झाले. पुनर्वसन अपुरे राहिले, तर संरक्षणाचा तणाव सीमेवर जाऊन बसतो, हा या घटनेचा धडा होय.

हक्क दिला तर?

गाविलगडच्याच पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावाने वेगळी वाट दाखविली आहे. वनहक्क कायद्यान्वये या गावाला २०१२ मध्ये सुमारे १९० हेक्टर उजाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, रोजगार हमीतून जलसंधारणाची व वृक्षलागवडीची कामे केली, सीताफळ आणि तेंदूपत्त्याच्या विक्रीतून उत्पन्नाचा मार्ग उभा केला. २०१४ मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. पायविहीर हा गाभा क्षेत्राला पर्याय नाही. एवढ्याशा जमिनीत वाघाचे कुटुंब राहू शकत नाही. मात्र गाभ्याभोवतीच्या सपाटीवर जंगल राखावयाचे असेल, तर गस्तीइतकाच हक्कही उपयोगी पडतो, हे येथे दिसून आले.

रस्ते आणि लोहमार्ग यांबाबत कायद्याचा धाक अधिक थेट जाणवतो. वान अभयारण्यातून जाणाऱ्या अकोला-खंडवा मीटरगेज मार्गावरील अकोटपुढील वाहतूक २०१७ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. नवा मार्ग जंगलातूनच न्यावा की बाहेरून, यावर वाद झाला आणि २०२१ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी तो बाहेरून नेण्याची मागणी केंद्राकडे केली. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग व पूल बांधले गेले. २०१९ मध्ये तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह अठरा प्रजातींचे वन्यप्राणी टिपले गेले. संरक्षित क्षेत्राचा दर्जा नसता, तर हा खर्च करण्यास कोणी राजी झाले असते का, याची शंकाच आहे.

सीमेबाहेरचे पाणी

जंगलाची सीमा आणि नदीचे पाणलोट मात्र एक नसतात. जुलै २०१९ मध्ये नागपूर महापालिकेला पाणीपुरवठ्यात एक दिवसाआड कपात करावी लागली. पेंचचे जंगल तेव्हाही जागेवरच होते. परंतु पाऊस ओढला होता आणि नदीच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्याने तोतलाडोहकडे येणारा प्रवाह घटला होता. जंगल माती धरून ठेवते, जलाशयात येणारा गाळ कमी करते. पाण्याच्या वाटपाचे निर्णय ते करू शकत नाही.

त्यामुळे संरक्षित क्षेत्रांचे यश हिरव्या आच्छादनाच्या टक्केवारीवरून मोजणे पुरेसे नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असले, की ते वनाच्छादन ठरते. त्यात लागवड आणि नैसर्गिक जंगल यांत भेद केला जात नाही. दरीतील सपाटीवर जंगल वाढले की घटले, वणवे किती लागले, हलविलेल्या कुटुंबांना शेती व रोजगार मिळाला का आणि बफरमधील ग्रामसभांचे किती दावे मंजूर झाले, हे आकडे दरवर्षी एकत्र प्रसिद्ध झाल्यास कोणते धोरण उपयोगी पडते ते कळू शकेल. पेंचचे पाणी पिणाऱ्या नागपूरकरांनी ते मागणे गैर ठरणार नाही.