ग्रॅप्टोलाइट : दूरदूरच्या खडकांचे वय जुळवणारे जीवाश्म

हजारो किलोमीटर अंतरावरील खडकांचे दोन थर एकाच काळात तयार झाले, हे भूवैज्ञानिक कशाच्या आधारे ठरवतात? केवळ रंग आणि पोत पाहून हे सांगता येत नाही. कारण एकसारखा काळा चिखल वेगवेगळ्या काळांत अनेक समुद्रांच्या तळाशी साचलेला असतो. सुमारे ४० ते ५० कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी खडकांबाबत या प्रश्नाचे उत्तर बहुधा ग्रॅप्टोलाइट या जीवाश्मांकडून मिळते.

ग्रॅप्टोलाइट हे वसाहत करून राहणारे, आता नामशेष झालेले सागरी प्राणी होते. काळ्या शेल खडकावर त्यांचे अवशेष पेन्सिलीने ओढलेल्या, करवतीसारखे दाते असलेल्या रेघांप्रमाणे दिसतात. त्यांचे नावही ‘खडकावरील लेखन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. त्यांच्या अनेक जाती खुल्या समुद्रात तरंगत असल्याने एकाच जातीचे अवशेष दूरदूरच्या सागरतळांवर पोहोचले. शिवाय या जाती भूशास्त्रीय कालमानाने अल्पकाळ टिकत आणि त्यांची जागा नव्या जाती घेत. म्हणूनच ज्या थरांत एकच जातिसमूह आढळतो, ते थर जवळपास समकालीन मानले जातात.

या पद्धतीचे सामर्थ्य चार्ल्स लॅपवर्थ यांनी दाखवून दिले. पेशाने शिक्षक असलेल्या लॅपवर्थ यांनी दक्षिण स्कॉटलंडमधील मोफॅट परिसरात थरागणिक ग्रॅप्टोलाइट गोळा केले. तेथील खडक म्हणजे एकावर एक साचलेली, प्रचंड जाडीची सलग मालिका असल्याचा तोवर समज होता. मात्र जातींचा तोच क्रम ठिकठिकाणी पुन्हा, तर काही ठिकाणी उलटा आढळला. वळ्या आणि विभंगांमुळे तेच पातळ थर वारंवार वर आले आहेत, असा निष्कर्ष त्यांनी १८७८ मध्ये मांडला. ॲडम सेजविक आणि रॉडरिक मर्चिसन यांच्यातील कँब्रियन व सिल्युरियन कालखंडांच्या सीमेचा दीर्घ वाद मिटवण्यासाठी त्यांनी १८७९ मध्ये ‘ऑर्डोव्हिशियन’ हा स्वतंत्र कालखंड सुचवला.

लॅपवर्थ यांनी अभ्यासलेले मोफॅटजवळील डॉब्स लिन हेच ठिकाण आज सिल्युरियन कालखंडाच्या आरंभाचे जागतिक प्रमाणस्थळ आहे. तेथील ही सीमारेषा ग्रॅप्टोलाइटच्या विशिष्ट जातीच्या प्रथम आगमनावरूनच निश्चित करण्यात आली असून तिचे वय सुमारे ४४ कोटी वर्षे आहे.

या ज्ञानाला आर्थिक महत्त्वही आहे. चीनच्या सिचुआन खोऱ्यात शेल वायूच्या शोधात विहिरी खोदताना काळ्या शेलचे थर डोळ्यांना सारखेच दिसतात. अशा वेळी खडकाच्या नमुन्यातील ग्रॅप्टोलाइट पाहून विहीर नेमक्या कोणत्या पातळीवर आहे, हे ओळखता येते.

पद्धतीला मर्यादाही आहेत. उथळ समुद्रातील चुनखडकांत ग्रॅप्टोलाइट क्वचितच सापडतात. तेथे कोनोडोंट या सूक्ष्म, दातासारख्या जीवाश्मांचा आधार घ्यावा लागतो. ज्या थरांत दोन्ही एकत्र आढळतात, तेथे या दोन कालक्रमांची सांगड घालता येते आणि खोल समुद्रातील खडकांचा इतिहास उथळ समुद्रातील खडकांशी जोडला जातो.