नाइट ड्युटी सोडून ओपीडीत जाताना: नर्स भगिनींनी आधी काय तपासावं?

पहिलं मूल वर्षाचं झालं की अनेक नर्स भगिनींच्या घरी एकच चर्चा सुरू होते. सासूबाई म्हणतात, “नाइट आता पुरे, एखाद्या दवाखान्यात लाग.” शोहरचंही तेच मत असतं. आणि खरंच, बारा तास उभं राहून सकाळी घरी आल्यावर लेकराला सांभाळायचं आणि झोप कधी काढायची, याचं उत्तर कोणाकडेच नसतं. त्यामुळे हॉस्पिटलचा वॉर्ड सोडून ओपीडी, क्लिनिक, डायलिसिस सेंटर, डोळ्यांचं हॉस्पिटल किंवा लसीकरण केंद्र अशी वाट धरणाऱ्या सिस्टर आता सगळीकडे दिसतात.

निर्णय चुकीचा नाही. पण ‘दिवसाची नोकरी’ हा शब्द फसवा आहे.

आपल्याकडे खासगी दवाखाने बहुधा दोन वेळा उघडतात. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच-सहापासून रात्री नऊपर्यंत. म्हणजे कागदावर आठ तास, पण मूल शाळेतून किंवा मकतबमधून येतं, अभ्यासाला बसतं, नेमकं तेव्हा आई दवाखान्यात. रमजानमध्ये तर इफ्तारही तिथेच, पेशंटच्या रांगेत. वॉर्डात निदान महिन्याचा ड्युटी चार्ट असतो आणि नाइटनंतर ऑफ मिळतो. डायलिसिस सेंटरचं गणित आणखी निराळं. पहिली बॅच भल्या पहाटे लागते, त्यामुळे घरातून निघायची वेळ फजरच्या आसपासची. ज्या घरात शोहर किंवा अम्मी सकाळी मुलांना तयार करून शाळेत पाठवू शकतात, तिथे हे उत्तम चालतं, कारण दुपारनंतर आई घरी असते. म्हणून मुलाखतीत ‘किती तास’ एवढंच न विचारता ‘कुठले तास’ हेही विचारा.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि इथेच खरं नुकसान होतं. पाच जणांच्या स्टाफचा दवाखाना आणि दोनशे जणांचं हॉस्पिटल कायद्यासमोर सारखे नाहीत. पीएफ साधारणपणे वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तिथेच सक्तीचा असतो. ग्रॅच्युइटी आणि मातृत्व रजेचा लाभ यांसाठी दहाची अट आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी पगारी मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली, त्यानंतरच्या मुलासाठी ती 12 आठवडे आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते. छोट्या क्लिनिकमध्ये यातलं काहीच लागू नसू शकतं. डॉक्टरसाहेब चांगले असतील तर महिनाभराची रजा देतील, पण ती त्यांची मेहेरबानी झाली, हक्क नव्हे.

म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर राजीनाम्याची वेळ फार महत्त्वाची. मातृत्व लाभासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या संस्थेत किमान 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. सातव्या महिन्यात ‘आता जमत नाही’ म्हणून हॉस्पिटल सोडून दवाखान्यात गेलेली सिस्टर 26 आठवड्यांचा पगार स्वतःच्या हाताने सोडून देते. ज्यांचा पगार 21,000 रुपयांपर्यंत आहे आणि ईएसआयसी कापली जाते, त्यांना हे पैसे ईएसआयसीकडून मिळतात. तिथे वर्गणीच्या दिवसांची अट वेगळी असते, ती आपल्या ऑफिसात विचारून घ्या.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मिळते. साडेचार वर्षांवर आलेल्या भगिनीने घाई करण्याआधी बोटांवर महिने मोजलेले बरे. पीएफचे पैसे काढून फ्रीज किंवा दुचाकी घेण्याचा मोह बहुतेक घरांत होतो. नवीन ठिकाणी पीएफ असेल तर तोच यूएएन नंबर द्या आणि खातं पुढे चालू ठेवा, कारण पीएफच्या पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा मोजली जाते.

आता परतीच्या वाटेविषयी. ओपीडीत ड्रेसिंग, इंजेक्शन, बीपी-शुगर, लसी दोन ते आठ अंश तापमानात सांभाळणं, एका सकाळी शेकडा पेशंट हाताळणं ही कामं असतात. ती सोपी नाहीत, पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा हात तिथे राहत नाही. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा आयसीयूत यायचं असेल किंवा आखाती देशात जायचं असेल, तर अलीकडचा वॉर्डचा अनुभव विचारला जातो. अनुभवपत्रात काम कुठल्या विभागात केलं, हे स्पष्ट लिहून घ्या. नोकरी सुटली तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी सुटू देऊ नका. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात. घरी बसलेल्या कितीतरी भगिनी नेमक्या याच ठिकाणी अडकतात.

राजीनामा लिहिण्याआधी आणखी एक दार ठोठावून बघायला हरकत नाही. मोठ्या हॉस्पिटलची स्वतःची ओपीडी, एंडोस्कोपी, डे-केअर किंवा हेल्थ चेकअप विभाग असतो. तिथली बदली मिळाली तर नाइट सुटते आणि पीएफ, रजा, सेवेची वर्षं सगळं जागच्या जागी राहतं. मेट्रन मॅडमना तोंडी सांगून विसरू नका. मूल किती महिन्यांचं आहे हे नमूद करून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घेऊन ठेवा. जागा रिकामी झाली की यादीत आधी तुमचं नाव असेल.